कॉलेजच्या मुलांना शिष्यत्वाचं, म्हणजे येशूच्या मागे चालण्याचं शिक्षण द्यायचं, तर सुरुवात कुठून करावी?

सलाम. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातल्या तुमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कॉलेजात शिकणारी पंधरा-वीस मुलंमुली येतात. निम्मी इथलीच, बाकीची नगर, जालना, बीडकडून शिकायला आलेली, होस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहणारी. पाळकसाहेबांनी त्यांची जबाबदारी तुमच्यावर सोपवली. रविवारी उपासनेनंतर तुम्ही शिष्यत्वाचा वर्ग सुरू केलात. पहिला महिना सगळी आली, मग गळती लागली आणि आता चार-पाचच उरली आहेत. सहा महिन्यांत पुरा होईल असा एखादा चांगला अभ्यासक्रम कोणता आणि मुलं टिकावीत म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं आणि त्याच्याच जोडीने विद्यार्थ्यांबरोबर वचन, म्हणजे बायबल, वाचत आले, आधी नगरला आणि मग पुण्यात. त्या अनुभवावरून लिहिते.

मला वाटतं, हजेरी ही तुमची मुख्य अडचण नव्हेच. आज तुमच्या वर्गात बसलेली एफ.वाय.ची मुलगी तीन-चार वर्षांनी कुठे असेल ते आधी डोळ्यांसमोर आणा. कदाचित चाकणच्या कंपनीत, कदाचित बंगळुरूला पी.जी.मध्ये, नर्सिंग केलं असेल तर आखातातल्या एखाद्या हॉस्पिटलात. तिथे मराठी उपासना मिळेलच असं नाही. रविवारी ड्यूटी असेल. तुम्ही तर नसालच. अशा ठिकाणी ती स्वतः शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, उघडून वाचू शकेल का, वाचलेल्यावरून एखादा अवघड निर्णय घेऊ शकेल का आणि शेजारच्या एकीला सोबत घेऊन वाचायला बसेल का? माझी सगळी आखणी या तीन प्रश्नांपासून उलटी सुरू होते. तुमच्या देखरेखीखाली ती काय काय शिकली, याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. तुमच्याशिवाय ती काय करू शकते, हे महत्त्वाचं. आणि या नजरेने पाहिलं तर चार-पाच जण उरले ही वाईट बातमी नाही. एका माणसाला नीट सांभाळता येतात तितकेच ते आहेत.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुलं ख्रिस्ती घरातली आहेत की पहिल्या पिढीची, यावर बरंच ठरतं. होस्टेलची मुलगी रात्री नऊच्या आत फाटकात हजर हवी, तर घरून येणाऱ्या मुलाला रविवारी दुपारी आजीला दवाखान्यात न्यायचं असतं. तुमची मंडळी सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे, मेथडिस्ट आहे, पेंटेकॉस्टल आहे की कॅथलिक, त्याप्रमाणे बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), पवित्र आत्म्याची दानं या विषयांवरची शिकवण वेगळी असेल. तिथे तुमच्या पाळकसाहेबांना डावलून मी काही सांगणार नाही. शिवाय तुम्ही स्वतः नोकरी करता का, आठवड्यातली एक मोकळी संध्याकाळ तुमच्याकडे आहे का, हेही पाहायला हवं. ती नसेल तर सगळ्यात उत्तम अभ्यासक्रम आणूनही उपयोग होणार नाही.

ख्रिस्ती घरातली मुलं रिकाम्या हाताने येत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. शब्बाथ शाळेत त्यांनी दहा आज्ञा, तेविसावं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना पाठ केलेली असते. ख्रिस्तजन्माच्या नाटकात मेंढपाळ झालेली असतात. दृढीकरणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं झालेली असतात. हा साठा मोलाचा आहे, त्याला नावं ठेवू नका. मात्र हे शिक्षण बहुधा दहावीच्या आसपास थांबतं. गणित पुढे इंटिग्रेशनपर्यंत जातं, जीवशास्त्र जनुकांपर्यंत जातं, आणि विश्वास मात्र नवव्या वर्षी ऐकलेल्या नोहाच्या गोष्टीपाशीच राहतो. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये मित्र विचारतो, "तुमच्यात हे खरंच मानतात का?" आणि मुलगा गप्प होतो. त्या दिवसापासून त्याचं मंडळीत येणं कमी होतं. आपण म्हणतो, पोरगं बिघडलं. खरं तर त्याच्या वयाच्या प्रश्नांना आपण त्याच्या वयाचं उत्तर दिलेलं नसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की विषयवार अभ्यासक्रम घेऊ नका. "प्रार्थनेचं महत्त्व", "पापक्षमा", "साक्ष कशी द्यावी" अशा पाठांच्या पुस्तिका मी वापरून पाहिल्या आहेत. त्या वाईट नसतात, पण मंडळीत वाढलेल्या मुलांना त्यातल्या रिकाम्या जागा भरायला दोन मिनिटं लागतात. उत्तरं त्यांना लहानपणापासून ठाऊक असतात. त्यापेक्षा एक अख्खं शुभवर्तमान घ्या. मी मार्कचं शुभवर्तमान घेते. सोळा अध्याय आहेत, भाषा वेगवान आहे आणि शिष्य वारंवार गोंधळलेले दिसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला आपणही त्यांच्यातलेच वाटतो. शिवाय बारा जणांना येशूने का नेमलं, हे मार्क तिसऱ्या अध्यायात सांगतो. पहिलं कारण, त्यांनी त्याच्याबरोबर असावं. उपदेशाला पाठवणं त्यानंतर येतं. शिष्यत्वाचा वर्ग घेणाऱ्याने हा क्रम कधी उलटा करू नये.

प्रत्यक्षात आम्ही कसं वाचतो, ते एका संध्याकाळवरून सांगते. होस्टेलजवळच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी गुरुवारी सहा वाजता आम्ही जमायचो. आधी चहा आणि पोहे, कारण मेसचं जेवण जेवणाऱ्या मुलांशी उपाशीपोटी वादळाबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. त्या दिवशी मार्कच्या चौथ्या अध्यायाचा शेवट होता, पस्तीस ते एक्केचाळीस वचनं. मी तो उतारा कागदावर छापून आणते. वचनांचे आकडे काढलेले, ओळींमध्ये मोकळी जागा, कडेला रुंद समास. फोन पिशवीत, हातात पेन्सिल. एकीने मोठ्याने वाचलं, मग दुसऱ्याने पुन्हा वाचलं. त्यानंतर पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त काय दिसतं ते खुणा करून ठेवायचं. अर्थ काय, आपल्याला बोध काय, हे त्या वेळात विचारायचं नाही.

मग बोलणं सुरू झालं. जालन्याच्या मुलीने "उशी" या शब्दाला गोल केला होता. इतकी बारीक गोष्ट कुणीतरी पाहिली असल्याशिवाय लिहिणार नाही, असं तिचं म्हणणं. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलाने दाखवलं की येशूच्या मचव्याबरोबर दुसरेही मचवे होते. त्यांचं काय झालं, हा प्रश्न आजवर मंडळीत कुणी विचारलेला त्याला आठवत नव्हता. तिसऱ्याच्या लक्षात आलं की वादळ शमल्यावरही शिष्य घाबरलेलेच आहेत, उलट जास्त घाबरलेत. यावर बराच वेळ चर्चा झाली. आधी त्यांना पाण्याची भीती होती, आता मचव्यात आपल्याबरोबर कोण बसलंय याची. मी मध्ये फक्त एकदा विचारलं, "शिष्य त्याला उठवताना नेमकं काय म्हणतात?" आम्ही बुडतो आहोत आणि तुला काळजी नाही का, असं ते म्हणतात. शेवटच्या वर्षाची एक मुलगी तोवर गप्प होती. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये ती चार कंपन्यांकडून परत आली होती आणि घरी सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, "असं देवाला बोललेलं चालतं?" त्या संध्याकाळी आम्ही पुढे तेवढंच केलं. ज्याला जे बोलायचं होतं, ते त्याने त्याच शब्दांत प्रार्थनेत बोलून टाकलं.

या पद्धतीत तुम्हाला कमी बोलावं लागतं आणि तयारी मात्र जास्त करावी लागते. उतारा तुम्ही स्वतः चार दिवस आधी तसाच पेन्सिल घेऊन वाचलेला हवा. चांगले प्रश्न तीनच न्या. पहिला मजकुरात काय आहे याचा, दुसरा त्याचा आधीच्या अध्यायाशी काय संबंध आहे याचा आणि तिसरा या आठवड्यात त्याचं काय करायचं याचा. शांतता पडली तर घाबरू नका आणि उत्तर देऊन ती भरून काढू नका. मुलं विचार करत असतात. कुणी चुकीचं बोललं तर "हे कुठल्या ओळीवरून म्हणतोस?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा तो स्वतःच ओळ शोधतो आणि स्वतःच सुधारतो. ही सवय लागली की पुढे यूट्यूबवरच्या कुठल्याही प्रवचनकाराला तो हाच प्रश्न विचारेल. आजच्या काळात ते फार गरजेचं आहे.

वेळापत्रक विद्यापीठाचं धरा, मंडळीचं नव्हे. एका सेमिस्टरमध्ये सबमिशन, इंटर्नल, गॅदरिंग आणि मुख्य परीक्षा वगळता हाताला दहा-बारा आठवडेच लागतात. मी पहिल्या सेमिस्टरमध्ये मार्कचा आठवा अध्याय अर्ध्यावर येईपर्यंत, म्हणजे कैसरीया फिलिप्पीच्या वाटेवर शिष्य पेत्र येशूला "तू ख्रिस्त आहेस" म्हणतो तिथवर जाते. तोवर एकच प्रश्न असतो: हा कोण आहे? दिवाळीची सुट्टी आणि नाताळ गेल्यावर दुसरा अर्धा भाग. तिथे येशू तीनदा आपल्या मरणाविषयी सांगतो, आठव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायात. तिन्ही वेळा शिष्य भलतंच काहीतरी करतात. पेत्र त्याला दटावतो, पुढच्या वेळी आपल्यात मोठा कोण यावर वाद होतो आणि शेवटी याकोब आणि योहान उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात. रँक, पॅकेज, ब्रँच आणि कॉलेजच्या नावावर माणसाची किंमत ठरवणाऱ्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. तो त्यांना लागतो. परीक्षेच्या तीन आठवड्यांत वर्ग पूर्ण बंद ठेवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन करा, पण "अभ्यास झाला का" विचारू नका. "जेवलीस का" विचारा.

तुमच्या गळतीचं एक कारण मला यातच दिसतं. उपासना साडेअकराला संपली, त्यानंतर वर्ग, आणि होस्टेलची रविवारची मेस एकला बंद. ही साधी गोष्ट आहे, पण अशा साध्या गोष्टींवरच मुलं येतात किंवा येत नाहीत. आठवड्यातली संध्याकाळ शोधा, कॉलेजजवळचं घर शोधा, संख्या वाढली तर तीन-चारांचे दोन गट करा. एका गटात सहाच्या वर संख्या गेली की दोघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात.

शंकांबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण मंडळीतल्या मोठ्यांना सगळ्यात जास्त धास्ती त्यांचीच वाटते. मुलगा म्हणाला की नरकाबद्दलची शिकवण मला पटत नाही, किंवा उत्क्रांती खरी वाटते, किंवा माझा रूममेट माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे आणि तो ख्रिस्ती नाही, तर त्याला गप्प करू नका. मी अशा वेळी मुलांना पंडिता रमाबाईंबद्दल सांगते. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतर तिथल्या सिस्टरांशी त्यांची जी पत्रं झाली, ती वाचली तर बाई प्रत्येक मतावर वाद घालताना दिसतात. पवित्र शास्त्रात मला सापडत नाही ते केवळ मंडळी म्हणते म्हणून मी मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं जावी लागली. आणि याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकामुलींच्या हातून छापलं गेलं आणि रमाबाई 1922 साली गेल्यानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास सोडणं, असं समजणाऱ्या मराठी ख्रिस्ती मुलाला स्वतःच्याच घराण्यातला हा वारसा माहीत असायला हवा. ना. वा. टिळकांचंही तसंच. आगगाडीच्या प्रवासात हाती आलेला नवा करार ते वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो स्वतः वाचून आणि झगडून.

एखाद्या शंकेचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तसं सांगा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत शोधून आणा. पुण्यात तर युनियन बिब्लिकल सेमिनरी हे ख्रिस्ती धर्मशास्त्राचं महाविद्यालय आहे, जाणत्या माणसांची वानवा नाही. पण विज्ञानाच्या प्रश्नाला घाईघाईने जोडलेलं, फॉरवर्डमधून आलेलं उत्तर देऊ नका. बी.एस्सी.च्या मुलाला त्यातली चूक लगेच कळते, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा भरवसा जातो.

आता या सगळ्याचा गाभा. वचन वाचायचं ते मुलांच्या खऱ्या आयुष्याला भिडवून. प्रार्थना आणि उपवास यांवर आपण बोलतो, पण जर्नल कॉपी करण्यावर बोलत नाही. मित्राची अटेंडन्स लावण्यावर, इंटर्नलला मागच्या बाकावरून उत्तर पुरवण्यावर, घरून फीसाठी आलेल्या पैशातून फोन घेण्यावर, रात्री दोन वाजता मोबाइलवर काय पाहिलं जातं यावर बोलत नाही. मी मुलांना सांगते की येशूचं अनुसरण म्हणजे काय, हे या सेमिस्टरपुरतं पाहायचं असेल तर तुमची जर्नल दाखवा. एका मुलाने प्रॅक्टिकलचं रीडिंग जसं आलं तसंच लिहिलं, चुकीचं असूनही, आणि गुण गमावले. पुढच्या गुरुवारी त्याने ते सांगितलं तेव्हा गटातल्या बाकीच्यांना जे कळलं, ते माझ्या कुठल्याही पाठातून कळलं नसतं.

सगळ्यात अवघड विषय जातीच्या दाखल्याचा. मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या बऱ्याच मुलांच्या मनावर हे ओझं असतं आणि ते कुणी उच्चारत नाही. अनुसूचित जातींबाबतच्या 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार हा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. त्यामुळे कितीतरी घरांत रविवारी मंडळीत जाणं एक आणि कागदावर धर्म दुसरा, अशी स्थिती असते. अठरा वर्षांच्या मुलीची शिष्यवृत्ती, होस्टेलची जागा, कधी कधी अख्खं शिक्षण त्या दाखल्यावर उभं असतं, आणि तो दाखला तिच्या वडिलांनी किंवा आजोबांनी काढलेला असतो. इथे व्यासपीठावरून "कागदावरही खरं बोला" असं गरजणं सोपं आहे. मी ते करत नाही. खोटं चालतं असंही मी सांगत नाही, कारण ते चालत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनेही ते गंभीर आहे. मी एकेकाशी एकांतात बोलते. हा अन्याय तुझ्यावर व्यवस्थेने केला आहे हे आधी मान्य करते. मग अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागास वर्गात जी जागा आहे तिची माहिती देते, जाणकार वकिलाशी गाठ घालून देते, आणि मंडळीतल्या सुस्थितीतल्या लोकांना विचारते की हिने कागद दुरुस्त करून शिष्यवृत्ती सोडली तर तिची फी कोण भरणार. हा प्रश्न मंडळीला विचारायची तयारी नसेल, तर मुलीला प्रामाणिकपणा शिकवायचा अधिकार आपल्याला उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

लग्नाचंही तेच. "प्रभूने मला दाखवलं आहे की तू या मुलाशी बोलू नकोस," असं विद्यार्थिनीला सांगणारे पुढारी मी पाहिले आहेत. कृपा करून तसं कधी करू नका. मुलगी किंवा मुलगा तुम्हाला विचारायला येईल तेव्हा वचन उघडा, प्रश्न विचारा, धोके दिसत असतील तर स्पष्ट सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. त्यांचा फोन तपासणं, घरी जाण्याआधी परवानगी मागायला लावणं, पापांची कबुली सगळ्यांसमोर द्यायला लावणं, यातलं काहीही शिष्यत्वात बसत नाही. मुलं येशूची शिष्य व्हायची आहेत. तुमची झाली तर काहीतरी बिघडलं आहे.

त्याला जोडूनच सुरक्षेचे नियम सांगते, आणि यात सूट देऊ नका. एकट्या मुलीला एकट्या पुरुषाने भेटायचं ते उघड्या जागी, आणि शक्य तर मुलींची जबाबदारी मंडळीतल्या एखाद्या ताईकडे द्या. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात, त्यांच्या पालकांना तुमच्या भेटींची जागा आणि वेळ माहीत हवी. कुणी सतत झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, तर प्रार्थना कराच, पण त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, तो नंबर मुलांच्या फोनमध्ये आधीच असू द्या. डिप्रेशन आलेल्या मुलाला "तुझा विश्वास कमी पडतो" असं म्हणणं फार क्रूर आहे.

ख्रिस्ती नसलेले मित्रही कधी कधी गटात येतात, कुतूहलाने किंवा पोह्यांसाठी. येऊ द्या. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की इथे आम्ही येशूचं चरित्र वाचतो, तू जसा आहेस तसा बस, प्रश्न विचार, नको वाटलं तर येऊ नकोस. कुठलंही आमिष नाही, दबाव नाही, घरच्यांपासून लपवाछपवी नाही. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला "देवाचा दरबार" सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र होते. त्यातलं मोकळेपण आजच्या वातावरणात आणखी जपून आणि आणखी पारदर्शकपणे सांभाळावं लागतं, इतकंच.

दुसऱ्या वर्षी काय, असा प्रश्न येईलच. मी उत्पत्तीचे पहिले बारा अध्याय घेते, मग याकोबाचं पत्र, आणि मधूनमधून स्तोत्रं. तेरावं आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मुद्दाम घेते. तेरावं तक्रारीने सुरू होऊन भरवशावर येतं, अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं. दोन्ही प्रार्थनाच आहेत हे मुलांना कळायला हवं. गाणी मुलं आपली आपण आणतात, बरीचशी इंग्रजी आणि हिंदी. मी एवढाच हट्ट धरते की दर वेळी "उपासना संगीत" मधलं एक तरी भजन चालीवर म्हणायचं. गावी आजीबरोबर बसून त्यांना तेच म्हणता येणार आहे.

आणि तिसऱ्या वर्षी वर्ग तुम्ही घ्यायचा नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगतो की माझ्याकडून जे ऐकलंस ते अशा विश्वासू माणसांना सोपव, जी इतरांनाही शिकवतील. म्हणजे एका वाक्यात चार पिढ्या. तुमच्या गटातली टी.वाय.ची मुलगी नव्या एफ.वाय.च्या तिघींना मार्क वाचायला बसवेल. पहिल्यांदा ती अडखळेल, फार बोलेल, प्रश्नाचं उत्तर स्वतःच देईल. तुम्ही कोपऱ्यात बसा आणि मध्ये तोंड घालू नका. नंतर चहाच्या वेळी दोन गोष्टी सांगा, एक चांगली जमलेली आणि एक सुधारायची. बायबलमधल्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने अपुल्लोस नावाच्या उपदेशकाला असंच जवळ घेऊन अधिक अचूक समजावलं, भर सभेत उठून त्याची चूक काढली नाही. मुलांना फक्त गिटार वाजवायला आणि नाताळचं डेकोरेशन करायला लावू नका. सुट्टीत गावी गेल्यावर शब्बाथ शाळेचा एक वर्ग घे, असं सांगून पाठवा, आणि परत आल्यावर त्याबद्दल विचारा.

कॅम्पसवर आधीपासून काम करणाऱ्या संघटना आहेत, त्यांची मदत घ्या. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट भारतात 1912 पासून आहे, युनियन ऑफ इव्हॅन्जेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया 1954 पासून. दोघांचा कल थोडा वेगळा आहे. पहिलीचा भर सामाजिक न्याय आणि मंडळ्यांच्या ऐक्यावर, दुसरीचा वचनाभ्यास आणि साक्षीवर. मुलांना दोन्हींची गरज असते. त्यांची शिबिरं चांगली होतात, दुसऱ्या शहरातली मुलं भेटतात, बदली झाली की तिथे ओळखीचं माणूस मिळतं. फक्त शिबिरातल्या उत्साहालाच शिष्यत्व समजू नका. शिबिराहून परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात काय चाललंय ते पाहा.

जी मुलं सोडून गेली, त्यांचं काय? परंपरेने या शुभवर्तमानाचा लेखक मानला जाणारा योहान मार्क स्वतः पौलाच्या पहिल्या प्रचारफेरीत पंफुल्यातून माघारी फिरला होता. पुढच्या फेरीला पौल त्याला न्यायला तयार नव्हता. पौलाचा सोबती बर्णबा याने त्याला धरून ठेवलं, त्यासाठी पौलाशी फारकत घेतली. आणि आयुष्याच्या शेवटी तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. तुमच्या यादीतल्या न येणाऱ्या दहा-पंधरांना "वर्गाला का येत नाहीस" असा मेसेज पाठवू नका. वाढदिवसाला फोन करा, सबमिशनच्या आठवड्यात विचारपूस करा, आजारी पडलं तर डबा पोचवा. काही जण दोन वर्षांनी परत येतात, काही दुसऱ्या मंडळीत रुजतात, काही येत नाहीत. त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना चालू ठेवा.

तर या आठवड्यात एवढंच करा. उरलेल्या चार-पाचांना एकेकट्याला चहाला भेटा, अजेंडा न नेता. कुठली संध्याकाळ मोकळी आहे आणि कुठलं घर जवळ आहे ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. पाळकसाहेबांना सांगा की वर्षभर आकडे विचारू नका. मग मार्कच्या पहिल्या अध्यायाची पहिली पंधरा वचनं मोठ्या अक्षरात छापा, पाच पेन्सिली घ्या आणि तुमचा स्वतःचा कागद आधी भरा. पहिल्या दोन-तीन बैठका कशा गेल्या ते कळवा, त्यावरून पुढचं बोलू.